कवडसे मोजून लावलेली बाग

‘आमच्याकडे ऊनच येत नाही हो, काय लावणार?’ हे वाक्य सांगलीत मला दर वर्षी मृगाच्या तोंडावर ऐकू येतं. गावभागात भिंतीला भिंत लागलेली. विश्रामबागेकडे बंगल्याला खेटून चार मजली अपार्टमेंट उभं राहिलेलं. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याच्या घरांत हिवाळ्याचं ऊन जेमतेम टेकतं आणि जातं. मग त्या जागेत फुटक्या कुंड्या, गंजलेला पिंप आणि उरलेल्या फरश्या जाऊन बसतात. त्याच जागेत पहिल्या वर्षी काय करायचं आणि कोणत्या क्रमानं करायचं, ते इथे सांगते. जागा परसाची असो, दोन घरांमधल्या बोळाची असो, नाहीतर उत्तरेकडच्या बाल्कनीची, क्रम तोच.

हे मी शिकले आजोळी. मिरज तालुक्याच्या पूर्व भागात नरवाड, बेडग, आरग हा सगळा पानमळ्यांचा पट्टा. बाहेर वैशाखाचं ऊन अंग भाजत असताना मळ्यात पाऊल टाकलं की वाटायचं, कुणीतरी ओला पंचा डोक्यावर ठेवला. शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा यांच्या ओळी, त्यांच्या अंगाला लव्हाळ्यानं बांधलेल्या कपुरी पानाच्या वेली आणि खाली ओलसर भुई. मामांबरोबर सरीतून चालताना मी एकदा म्हणाले, ‘मामा, इथं ऊन येतच नाही, तरी वेल एवढी कशी वाढते?’ मामा थांबले आणि भुईकडे बोट दाखवलं. ‘येत न्हाई कसं? ते बघ की. वेलीला सावली लागती म्हणून काळोख करू नगं. भुईवर कवडसा हलताना दिसला पायजे.’

माझी सगळी बाग या एका वाक्यावर उभी आहे. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं तेव्हा पानमळ्यातल्या शेवरीच्या फांद्या छाटून विरळ करतात, उन्हाळ्यात त्या दाट राहू देतात. पीक राखतात तशी सावलीही राखायची असते.

पहिली पायरी : वही घ्या, रोप नको

नर्सरीत जाऊ नका. अजून आठ-दहा दिवस तरी नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, अकरा, दुपारी एक आणि चार वाजता जागेत जा आणि ऊन जिथवर आलंय तिथे रांगोळीनं रेघ ओढा. चार रेघा झाल्या की जागेचा नकाशा भुईवरच तयार होतो. फोटो काढून ठेवा. कुठे दोन तास ऊन येतं, कुठे फक्त सकाळचं, कुठे अजिबात नाही, हे तुम्हाला पहिल्यांदा कळेल. दहा-दहा वर्षं त्या घरात राहिलेल्या माणसांनाही हे माहीत नसतं.

मग हाताची परीक्षा. दुपारी एक वाजता पांढरा कागद जमिनीवर ठेवा आणि त्याच्यावर हातभर उंचीवर पंजा धरा. बोटं न् बोटं मोजता येतील अशी ठसठशीत सावली पडली तर ते ऊन. कडा विरघळलेली, पण हाताचा आकार कळणारी सावली पडली तर ती उजेडाची सावली. वर आभाळ मोकळं असतं, फक्त सूर्य थेट दिसत नाही. कागदावर काहीच उमटलं नाही तर ती गडद सावली. आणि चौथा प्रकार झाडाखालचा, जिथे ठसठशीत सावली आणि ऊन आलटून पालटून सरकत राहतं. ती कवडशांची सावली, आणि तिन्ही सावल्यांमध्ये सगळ्यात श्रीमंत तीच.

कवडसा नीट निरखून बघा. पानांमधली फट वेडीवाकडी असते, पण भुईवर पडलेला ठिपका गोलच असतो, कारण ती सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात हेच ठिपके चंद्रकोरीसारखे होतात. हे कवडसे नसते तर झाडाखालची हळद जगली नसती. दिवसभरात एकेका पानाला असे काही मिनिटांचे कवडसे मिळत राहतात, आणि सावलीतली झाडं तेवढ्यातच आपलं अन्न करून घ्यायला शिकलेली असतात.

आता एक गोष्ट, जी परदेशी पुस्तकांवरून बाग करणाऱ्यांना इथे फसवते. आपण कर्कवृत्ताच्या बरेच दक्षिणेला आहोत. सांगलीत साधारण ७ मेला आणि साताऱ्यात १० मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. वर्तमानपत्रात ‘शून्य सावली दिवस’ म्हणून बातमी येते ती हीच. तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे घराच्या उत्तरेची जी भिंत डिसेंबरात दिवसभर थंडगार असते, तिच्यावर मे महिन्यात ऊन उतरतं. २१ डिसेंबरला दुपारी दहा फुटी भिंतीची सावली सांगलीत साधारण साडेआठ फूट उत्तरेला पडते. मार्चच्या शेवटी तीच सव्वादोन फुटांवर येते, आणि मे महिन्यात भिंतीच्या पायाशी संपते.

मी पहिली बाग दिवाळीनंतर लावली. परस उत्तरेला, नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळं हिरवंगार, नेचे (फर्न) तर कोपरभर पसरलेले. एप्रिलच्या मध्यावर चार दिवस गावाला गेले आणि परत आले तेव्हा नेच्यांची पानं तपकिरी होऊन हातात चुरा होत होती. पाणी घालायला शेजारच्या काकू रोज येत होत्या, त्यांचा काही दोष नव्हता. ऊन सरकलं होतं आणि मी ते मोजलं नव्हतं. म्हणून रांगोळीच्या रेघा वर्षातून तीनदा ओढा: डिसेंबरात, मार्चअखेर आणि मेच्या पहिल्या आठवड्यात. पहिल्या वर्षी तेवढा धीर नसेल तर निदान मेची रेघ तरी चुकवू नका.

दुसरी पायरी : माती, आणि त्याहून जास्त पाणी

सावलीतली झाडं उन्हानं कमी आणि पाण्यानं जास्त मरतात. ऊन नसलं की माती वाळत नाही, आणि आपली कृष्णाकाठची काळी माती तर मुळातच पाणी धरून ठेवणारी. रोज सकाळी तांब्या ओतायची सवय असेल तर मुळं कुजणार. पानमळ्यातही सगळ्यात मोठी भीती हीच: सरीत पाणी तुंबलं की बुडातून मर लागते आणि उभी वेल दोन-चार दिवसांत माना टाकते.

कुंडीसाठी एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग पोकळी ठेवणारं काहीतरी. कोकोपीट, विटांचा चुरा, जाड वाळू, जे मिळेल ते. साताऱ्याहून यवतेश्वरच्या बाजूला लाल माती मिळते, ती काळीपेक्षा मोकळी असते; मिळाली तर निम्मी-निम्मी करा. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवा. जमिनीतच लावायचं असेल तर वाफा चार बोटं उंच करा, म्हणजे आषाढातलं पाणी निथळून जाईल.

पाणी कधी घालायचं, याला घड्याळ नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसा. टोकाला ओल लागली तर आज नाही. बोट कोरडं निघालं तर सकाळी भरपूर, खालून वाहून जाईल इतकं. संध्याकाळी पानांवर पाणी मारू नका, रात्रभर ओली राहिलेली पानं बुरशीला आवतण देतात.

मिरज, पलूस, वाळवा भागात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं असतं. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसायला लागला की समजा क्षार साठतायत. नेचे आणि शेवाळ यांना हे अजिबात सोसत नाही. पन्हाळीखाली पिंप ठेवून पावसाचं पाणी धरा. झाकण मात्र घट्ट हवं, कारण पुढे येतंच.

भुई उघडी ठेवू नका. आपल्याकडे ऊस तुटला की पाचट फुकट मिळतं, शेतात ते पेटवूनही देतात. दोन पोती आणा आणि चार बोटं थर अंथरा. खोडापासून वितभर मोकळं सोडा. वर्षभरात ते विरघळल्यासारखं मातीत जातं, आणि त्याच्याखाली कोण कोण राहायला येतं ते चौथ्या पायरीत.

मोठ्या आंब्या-चिंचेखाली जागा असेल तर तिथली गोष्ट उलटी आहे. तिथे सावली ओली नसते, कोरडी असते. झाडाची बारीक मुळं वरच्या थरातलं सगळं पाणी पिऊन टाकतात. खणू नका, खोडाभोवती मातीचा ढीगही चढवू नका. कुंड्याच ठेवा.

तिसरी पायरी : काय लावायचं

कवडशांच्या सावलीत पहिली लावा हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या हळदीचं बेणं मागायला तुम्हाला लांब जावं लागत नाही. अक्षय तृतीयेपासून जूनपर्यंत गड्डा किंवा डोळा असलेलं हळकुंड तीन बोटं खोल टाका. शेतातल्याइतकं उत्पन्न येणार नाही, पण पानं हातभर लांब येतात आणि नागपंचमीच्या पातोळ्यांना, भाद्रपदात गौरीच्या नैवेद्याला घरचीच होतात. शेजारी आलं आणि आंबेहळद. तिघींची वागणूक सारखी: दिवाळीनंतर पानं पिवळी पडून झोपतात. नवखी माणसं त्याला मेलं समजून उपटतात किंवा घाबरून आणखी पाणी घालतात. दोन्ही करू नका.

अळू कवडशातही येतो आणि उजेडाच्या सावलीतही, फक्त त्याला ओल हवी. मोरीचं पाणी जिथे जातं तिथे तो पूर्वीपासून असायचा, ते उगाच नव्हे. पुदिना आणि पानओवा सकाळच्या दोन तासांच्या उन्हावर खूश असतात. अडुळसा कुठेही येतो. त्याची दोन रोपं घ्या, एक उन्हात आणि एक सावलीत लावा आणि सहा महिन्यांनी पानं शेजारी शेजारी धरून बघा. सावलीतलं पान रुंद, पातळ आणि जास्त गडद हिरवं असेल. कमी उजेड गोळा करायला झाड आपलं पानच बदलतं. हे एकदा हातात धरून पाहिलं की बाकी सगळं समजायला सोपं जातं.

पानवेल अर्थातच लावा. तीन-चार पेरांचं कांडं पावसाळ्यात घ्या, दोन पेरं मातीत आणि दोन वर. तिला भिंत नको, झाडाचं खोड किंवा काथ्या गुंडाळलेला बांबू द्या, कारण पेरापेराला फुटणारी मुळं खरखरीत, ओलसर जागेलाच धरतात. वेल हाताबाहेर गेली की मळ्यात करतात तशी उतरण करा: खाली सोडून घ्या, बुडाशी वेटोळं करून मातीत दाबा आणि शेंडा पुन्हा वर बांधा. वेल नव्यासारखी होते. काळी मिरी याच कुळातली, तिची वागणूकही तशीच. फक्त सांगलीच्या कोरड्या उन्हाळ्यात ती रुसते, साताऱ्याच्या पश्चिमेला जास्त सुखात असते.

उजेडाच्या सावलीत नेचे, हंसराज, बिगोनिया, सिंगोनियम, स्पायडर प्लांट. जुन्या विहिरींच्या आतल्या दगडांच्या सांध्यांत काळ्या तारेसारख्या देठावर बारीक पंख्यासारखी पानं झुलत असतात, तो हंसराज. त्याला नुसती सावली पुरत नाही, हवेत ओल लागते. साताऱ्याजवळ लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीत उतरताना पायरीगणिक हवा कशी गार होत जाते, ते आठवा; तशी हवा तुमच्या परसात कुठे आहे ते शोधा. माझ्याकडे ती माठाच्या तिवईखाली निघाली.

नेच्याबद्दल एक सांगते, कारण दर वर्षी कुणीतरी मला घाबरून फोटो पाठवतं. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके दिसतात. ते रांगोळीच्या ठिपक्यांसारखे, सारख्या अंतरावर, शिरेच्या दोन्ही बाजूंना ओळीत असतील तर तो रोग नव्हे, ते नेच्याचे बीजाणू. नेच्याला फूल नाही, बी नाही. याच भुकटीतून नवे नेचे उगवतात. असं पान कागदात गुंडाळून ठेवलं तर दोन दिवसांत कागदावर भुकटीची नक्षी पडते. ठिपके वाटेल तसे, देठावर आणि दोन्ही बाजूंना असतील, नखानं खरवडून निघत असतील आणि पान चिकट लागत असेल तर ती खवले कीड. जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढा.

गडद सावलीत स्नेक प्लांट, झेडझेड आणि मनी प्लांट तग धरतात. तग धरतात म्हणते, वाढतात म्हणत नाही. आणि पूर्ण काळोखात काहीच नाही. हरिपूरच्या जुन्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कारण जमिनीखालच्या त्या बंद खड्ड्यात प्राणवायूच उरत नसे आणि किडासुद्धा जगत नसे. जिन्याखालच्या बंद खणात कुंडी ठेवताना ते पेव आठवावं.

काय लावू नये? तुळस, मोगरा, गुलाब, जास्वंद. ‘आमच्याकडे तुळस टिकत नाही’ म्हणून किती बायका मनाला लावून घेतात! त्यात घराचं किंवा कुणाच्या हाताचं काही नाही. तिला चार-पाच तास ऊन हवं, एवढंच. ती गच्चीवर ठेवा. मला एका नर्सरीत ‘सावलीत मस्त चालतो’ म्हणून मोगरा दिला होता. दोन वर्षं पानं आली, एक कळी नाही. गच्चीवर हलवल्यावर पुढच्याच उन्हाळ्यात फुलला.

घरात रांगतं मूल असेल तर डिफेनबेकिया टाळा. त्याच्या पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तुकडा चावला तर जीभ आणि ओठ सुजतात. कच्च्या अळूनं घसा खाजतो, तोच हा प्रकार, पण कितीतरी जास्त.

आणि जंगलातून काही आणू नका. चांदोली, कोयना, सागरेश्वर इथून रोप, कंद, आमरी (ऑर्किड) किंवा शेवाळाचा तुकडासुद्धा उचलणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी झाडाच्या खोडावरून सोलून आणलेली आमरी सांगलीच्या उन्हाळ्यात जगत नाही. देवराईत जा, डोळे भरून बघा. वर उंच झाडं, मधे झुडपं, भुईवर नेचे आणि पाचोळा, असे थर कसे लागलेत ते वहीत काढा. आणायचं ते एवढंच.

चौथी पायरी : राहायला येणारे

बाग तुम्ही लावता, पण ती वसवतात दुसरेच. पाचट अंथरून एक पावसाळा गेला की हळूच उचलून बघा.

पहिले गांडूळ, त्यांना ओळख नको. मग वाणी, ज्याला पैसा म्हणतात. हात लावला की चकलीसारखा गुंडाळतो. त्याच्या बहुतेक प्रत्येक खंडाला पायांच्या दोन जोड्या, चालतो संथ, खातो सडका पाचोळा. गोमेला खंडाला एकच जोडी, पळते तुरुतुरु, शिकार करते आणि चावते. एवढा फरक मुलांना शिकवा. वाणीला राहू द्या. गोमेसाठी पाचट हातानं नव्हे, खुरप्यानं उचलायची सवय ठेवा.

कुंडी हलवल्यावर तिच्याखाली काळसर, चकचकीत, गांडुळासारखं पण बिनवळ्यांचं काही वळवळताना दिसेल. तो वाळा. साप आहे, वीतभरसुद्धा नसतो, बिनविषारी आहे, डोळे म्हणजे दोन पुसट ठिपके. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-पिल्लं खातो. या जातीत नर नसतोच, सगळ्या माद्या. एकटी मादी अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. म्हणूनच कुंड्यांच्या मातीतून तो जगभर पसरला, एक पोचला तरी पुरतो. आमच्या गल्लीत एकदा त्याला चपलेनं मारताना मी पाहिलं. मारणाऱ्याला वाटलं, नागाचं पिल्लू. तुम्ही तरी ओळखा.

मोठ्या सापांची काळजी वेगळी. मण्यार रात्री हिंडते आणि विटांचा ढीग, लाकडाचा साठा, उंदरांची बिळं यांच्याजवळ येते. म्हणून पाचट चालेल, पण घराच्या दाराला लागून अडगळ नको. रात्री बॅटरीशिवाय परसात पाय टाकू नका. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा. चावला तर थेट सरकारी दवाखाना, मध्ये कुठेही थांबू नका.

बेडकासाठी घर करायचं असेल तर फुटका माठ आडवा करून निम्मा मातीत पुरा, तोंड उत्तरेला. अंगावर चामखिळीसारखे फोड असलेला भुरकट बेडूक दिवसभर त्यात बसतो आणि रात्री बाहेर पडून झुरळं, अळ्या, वाळवीची पाखरं खातो. हात लावल्यानं चामखीळ येते ही समजूत खोटी आहे. पण त्याच्या कातडीतला द्रव डोळ्याला झोंबतो, म्हणून हात धुवा.

पाण्याचं घमेलं, पसरट भांडं काहीही ठेवलं तर डासांचा हिशोब आधी करा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात, कुंडीखालच्या बशीतसुद्धा अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांतून डास होतो. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस: बशा रिकाम्या करा आणि कडा घासा, कारण अंडी कडेला चिकटून महिनोन्महिने कोरडी राहूनही जगतात. मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडा. पावसाच्या पिंपाला झाकण म्हणाले, ते यासाठीच.

नको असलेला पाहुणा एकच, शंखी गोगलगाय. मूठभर आकाराचा तपकिरी पट्ट्यांचा शंख, मूळची आफ्रिकेतली. दिवसा सावलीत लपते, रात्री पपई, अळू, बिगोनिया सगळं फस्त करते. ओलं गोणपाट संध्याकाळी अंथरा, त्याखाली पपईची पानं ठेवा. पहाटे उचललं की सगळ्या तिथेच सापडतात. हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ मातीवर फेकू नका, झाडं जातील. गोळ्यांचं विष घरच्या बागेत नको, कुत्री-मांजरं मरतात. मातीत साबुदाण्यासारखी पिवळसर अंडी गुच्छानं सापडली तर तीही बादलीत. भारद्वाज या गोगलगायी खातो. तो दिसला की शुभ मानायची आपल्याकडे रीतच आहे. त्याला लपायला एखादं दाट झुडूप ठेवा. सातभाई पाचोळा उलटापालटा करत येतील, दयाळ पहाटे शीळ घालेल, शिंपी हळदीच्या नाही तर दुसऱ्या कुठल्या रुंद पानाला टाके घालून घरटं करील.

आणि एक फुलपाखरू. सूर्य मावळल्यावर, दिवे लागायच्या वेळी, वाळक्या पानासारखं तपकिरी काहीतरी पाचोळ्यातून उठतं, चार हात उडतं आणि पुन्हा पाचोळ्यात बसतं. बसलं की दिसत नाही. पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठिपके असतात; कोरड्या दिवसांतल्या पिढीत ते जवळजवळ मिटतात आणि पंख हुबेहूब सुकलेलं पान होतो. म्हणून सगळा पाचोळा झाडून पेटवू नका.

पाचवी पायरी : होळी ते मृग

इथे बाग टिकते किंवा जाते. होळी झाली की पन्नास टक्के ऊन अडवणारी शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, आणून ठेवा आणि मार्चअखेरच्या रेघेनुसार बांधा. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, एकीची ओल दुसरीला मिळते. नेचे भिंतीपासून हातभर लांब, कारण तापलेली भिंत रात्रीही आग ओकते. मोठ्या वाफ्यात बारीक भोक पाडून वात घातलेला माठ पुरा आणि आठवड्यातून दोनदा भरा. या दिवसांत खत नको. खत मृगात आणि दिवाळीनंतर, दोनदाच. मूठभर गांडूळखत आणि चिमूटभर निंबोळी पेंड. सावलीतली झाडं सावकाश वाढतात, त्यांना जास्त खायला घातलं तर लांबट, लुळी होतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या परसात शिरलं आणि बरेच दिवस राहिलं. ओसरल्यावर वीतभर गाळ होता. कुंड्यांतलं सगळं गेलं. मी काही लावलं नाही, नुसता गाळ सैल केला. पंधरवड्यानं आधी कर्दळीचं सुरळीसारखं पान वर आलं, मग अळूचं. पूर येणाऱ्या भागात राहत असाल तर कंदाची झाडं जमिनीत आणि नाजूक झाडं उचलता येतील अशा कुंड्यांत, हे पहिल्या दिवसापासून ठरवा.

पहिला आषाढ आला की एका रात्री पाऊस थांबल्यावर नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन परसात जा. उजेड खाली, पानांच्या पाठीवर मारा. दहा मिनिटं एका जागी उभ्या राहा. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग माठाच्या तोंडाशी दोन डोळे चमकतात, पाचटाखाली काहीतरी सरकतं, पानवेलीच्या देठावर कोळी जाळ्याचा पहिला धागा ओढत असतो. जे दिसेल ते तारखेसह वहीत लिहा, जिथे दिसलं तिथे सकाळी रांगोळीचा ठिपका काढा, आणि पुढची कुंडी कुठे ठेवायची ते त्या ठिपक्यांवरून ठरवा.